आचार्य विनोबा भावे : वडिलांचा विषय, आईचा विषय

दहावीचा निकाल लागला की आठ-दहा दिवस शिक्षकांच्या खोलीला दवाखान्याची कळा येते. पालक बाहेर बाकावर बसून असतात, मुलगा किंवा मुलगी शेजारी मान खाली घालून उभी असते, आणि आत आल्यावर प्रश्न ठरलेला असतो : सर, याला फिजिक्स झेपेल की केमिस्ट्री? वडिलांच्या मनात पॉलिटेक्निक असते, म्हणून त्यांना भौतिकशास्त्र हवे. आईच्या माहेरी कुणाचे तरी औषधांचे दुकान असते, म्हणून तिचा कौल रसायनशास्त्राला. आपल्या राज्यात विज्ञान शाखेला जाणारा मुलगा अकरावी-बारावीला बहुधा हे दोन्ही विषय घेतोच. भांडण असते ते जोर कोणावर द्यायचा आणि पुढची वाट कोणती धरायची याचे. हे समजावून सांगितले तरी दोघांचे समाधान होत नाही. मूल मात्र या साऱ्या संभाषणात चकार शब्द बोलत नाही.

मी स्वतः या बाकावर बसलेलो आहे. अब्बांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. चार गुण बरे पडले म्हणून त्यांनी मला विज्ञानाला घातले. बारावीला भौतिकशास्त्रात मी नापास झालो आणि वर्ष गेले. पुढे कला शाखेतून बी. ए. झालो, बी. एड. केले. अब्बा त्याविषयी शेवटपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत, आणि ते न बोलणेच मला फार लागले. असो. माझी कथा सांगण्यासाठी स्मरणिकेची पाने नाहीत. पण त्या वर्षानंतर मी थोरामोठ्यांची चरित्रे वाचू लागलो तेव्हा एका गोष्टीकडे माझे विशेष लक्ष जाऊ लागले. या माणसाने शाळेत कोणता विषय घेतला होता, तो कोणी ठरवला, आणि पुढे त्या विषयाचे काय झाले?

या प्रश्नाचे माझ्या मते सर्वांत बोलके उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. वर्ध्याहून नागपूरकडे निघाले की थोड्याच वेळात धाम नदीचा पूल लागतो. नदीकाठच्या उंचवट्यावर पवनारचा परंधाम आश्रम आहे. शाळेच्या सहलीत आपण सर्वांनी तो पाहिलेला असतो. नदीतल्या खडकांवर बसून डबेही खाल्लेले असतात. तेथे राहिलेले आचार्य विनोबा भावे भूदानामुळे जगाला ठाऊक झाले. पण आज मला सांगायची आहे ती बडोद्याच्या एका शाळकरी मुलाची हकीकत, ज्याच्या घरात एका विषयावरून आई आणि वडील यांची मते निराळी होती.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील पेणजवळच्या गागोदे या खेड्यात झाला. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्याला होते. मुलाची पहिली काही वर्षे गागोद्यात आजोबांच्या सहवासात गेली आणि नंतर कुटुंब बडोद्यास आले.

बडोद्याला येणे म्हणजे त्या काळी एका नव्या जगात येणे होते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली तेथे कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था स्थापन केली होती. तिची घडी ज्यांनी बसवली ते त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ. मुंबईत चापेकर बंधूंनी व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासले, तेव्हा तो डाग इतरांना निघेना. तो काढून दाखवला तो याच गज्जरांनी. (राणीचा पुतळा स्वच्छ झाला याचा आनंद कोणाला झाला असेल तो असो, पण एका देशी माणसाच्या रसायनज्ञानाचा तो डंका होता खास.) कलाभवनात कापड रंगवण्याचे शास्त्र शिकवले जाई. त्याला कारणही तसेच होते. १८५६ साली इंग्लंडात पर्किनने डांबरापासून जांभळा रंग तयार केला आणि तेथून वनस्पतींच्या रंगांचे दिवस फिरले. पुढे जर्मनांनी या विद्येत आघाडी घेतली. १८९७ मध्ये कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आली आणि आपल्याकडच्या निळीच्या शेतीचा कणा मोडला. ज्याला रसायन कळते त्याच्या हाती व्यापार जातो, हा धडा त्या पिढीने डोळ्यांनी पाहिला होता.

नरहरपंत या धड्याचे पक्के विद्यार्थी होते. कापडाच्या रंगांचे प्रयोग हे त्यांचे वेडच. घरात रंगवलेल्या चिंध्यांचे नमुने पडलेले असत. आई रुक्मिणीबाईंनी एकदा तक्रार केली, की तुकडे रंगवता त्यापेक्षा एखादे लुगडे रंगवले असते तर नेसायला तरी झाले असते. त्यावर नरहरपंतांचे म्हणणे असे, की प्रयोग साधला तर एक काय, अनेक लुगडी होतील. न साधला तर एवढे मोठे कापड फुकट जाईल. प्रयोगशाळेत थोड्या द्रावणावर आधी परीक्षा का घ्यावी, हे मी माझ्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांकडून अनेकदा ऐकले आहे. ते इतके सोपे करून सांगितलेले मात्र अन्यत्र वाचले नाही.

रुक्मिणीबाई शाळेत फारशा गेलेल्या नव्हत्या. त्या भाविक होत्या. देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा त्यांनी नेम केला होता आणि त्या एकेक दाणा मोजून वाहत असत. नरहरपंतांनी हे पाहिले आणि सुचवले, की एक तोळा तांदूळ घेऊन त्यातले दाणे मोजावे, त्यावरून लाख दाण्यांचे वजन काढावे आणि वर अर्धा तोळा अधिक धरावा, म्हणजे उणे पडण्याची भीती नाही. हिशेब बिनचूक होता. वजन, प्रमाण आणि चुकीसाठी ठेवलेली जागा, भौतिकशास्त्राच्या पहिल्या प्रकरणात दुसरे काय असते? रुक्मिणीबाईंना उत्तर सुचले नाही. संध्याकाळी त्यांनी विन्याला विचारले. मुलाने सांगितले, की तुझे मोजणे म्हणजे गणित नव्हे, प्रत्येक दाण्याबरोबर देवाचे स्मरण होते, ते वजन केल्याने कसे व्हावे? ज्याला गणित जिवापाड आवडत असे तोच मुलगा हे बोलत होता, हे लक्षात घेतले पाहिजे. पुढच्या आयुष्यात विनोबा सांगत, की ईश्वराच्या खालोखाल त्यांचे प्रेम गणितावर आहे.

अशा घरात हायस्कुलात दुसरी भाषा निवडण्याचा प्रसंग आला. संस्कृत घ्यावी की फ्रेंच? नरहरपंतांना मुलगा परदेशी जाऊन मोठा व्हावा असे वाटे. नवी विद्या, नवे धंदे, सारे युरोपात होते, आणि त्याचा दरवाजा युरोपच्या भाषांतून उघडत होता. त्यांनी फ्रेंच ठरवली. आईला ते रुचले नाही. आपल्या घरातल्या मुलाने संस्कृत शिकू नये हे तिला कसेसेच वाटले. दोघांपैकी एकाचेही म्हणणे चुकीचे नव्हते. मुलाने वर्गात फ्रेंच घेतली आणि आईची समजूत घातली, की संस्कृत शाळेबाहेरही शिकता येते.

माझ्या मते या साऱ्या चरित्रातील कळीची जागा हीच आहे. मुलाने वडिलांशी भांडण केले नाही, आईला दुखावून तोंड फिरवले नाही, आणि एक विषय घेतला म्हणजे दुसरा जन्माचा सुटला असेही मानले नाही. शाळेच्या वेळापत्रकात एकच विषय मावतो. डोक्यात दोन मावतात. विनायक बडोद्याच्या ग्रंथालयात तासन्‌तास वाचत बसे आणि गावाबाहेर मैलोगणती भटके. वर्गातल्या शिक्षणात तो फारसा रमला नाही, पण १९१३ साली मॅट्रिक झाला आणि कॉलेजात गेला.

वडिलांविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती पालकांसाठी आहे. नरहरपंत कडक होते आणि लहानपणी विनायकाने त्यांचा भरपूर मार खाल्ला. मुलाला सोळावे वर्ष लागले आणि मार एकदम थांबला. मुलालाच त्याचे आश्चर्य वाटले. मग त्याच्या ध्यानात आले, की सोळाव्या वर्षी मुलाला मित्राप्रमाणे वागवावे असे जुने वचन आहे आणि वडिलांनी ते तारीख पाहून पाळले आहे. आमच्या बाकावर बसलेली मुले नेमकी याच वयाची असतात.

यानंतर जे घडले ते विद्यार्थ्यांना सांगताना मी नेहमी जरा अडखळतो. एके दिवशी विनायक चुलीजवळ बसून आपली प्रमाणपत्रे एकेक करून जाळू लागला. आईने विचारले. त्याने सांगितले, की आता यांची गरज नाही. ती म्हणाली, गरज नसली तरी ठेवायला काय हरकत? त्याने ठेवली नाहीत. पुढे २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला, वाटेत सुरतेला उतरला आणि काशीकडे निघून गेला. परीक्षेला जात नाही, दुसरीकडे जात आहे, पण हातून अनुचित काही होणार नाही, अशा आशयाचे पत्र त्याने वडिलांना पाठवले.

मुले येथे टाळ्या वाजवतात. मी त्यांना थांबवतो. ज्या घरात वडील शिकलेले, नोकरीत स्थिर, आणि धाकटे भाऊही शिकत असलेले, त्या घरातला तो कागद होता. आपल्यापैकी अनेकांच्या घरात दहावीचे प्रमाणपत्र हा खानदानातला पहिला छापील कागद असतो. अम्मी तो कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवते. तो जाळण्याचा अधिकार ज्याचा त्याने तपासून पाहावा. शिवाय विनोबांनी कागद जाळले, अभ्यास जाळला नाही. ही गोष्ट मी शिकवतो त्या प्रत्येक वर्गाला सांगतो आणि तरीही दर वर्षी कोणीतरी फक्त चुलीचीच गोष्ट लक्षात ठेवतो.

अभ्यास जाळला नाही याचा पुरावा काशीतच आहे. तेथे पोटासाठी त्याने एका खासगी शाळेत महिना दोन रुपये पगारावर रोज तासभर इंग्रजी शिकवले. उरलेला वेळ ग्रंथालयात संस्कृत ग्रंथ वाचण्यात गेला. आईला दिलेला शब्द असा पुरा होऊ लागला. संस्कृत शिकायला किती काळ लागेल असे त्याने एका पंडिताला विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, बारा वर्षे. त्याने सांगितले, की माझ्याजवळ दोन महिने आहेत. पंडित पाहतच राहिले असतील.

त्याच सुमारास काशीला हिंदू विश्वविद्यालयात महात्मा गांधींनी दिलेल्या भाषणाची चर्चा चालू होती. विनायकाने ते वर्तमानपत्रात वाचले, शंका लिहून पाठवल्या, उत्तरे आली, आणि शेवटी प्रत्यक्ष येऊन राहा असे बोलावणे आले. ७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादेस कोचरबच्या आश्रमात गांधीजींना भेटला. विनोबा हे नाव त्याला आश्रमातच मिळाले. मुलाने घरी कळवलेले नाही हे समजताच गांधीजींनी स्वतः नरहरपंतांना पत्र लिहिले, की तुमचा मुलगा माझ्याजवळ आहे, आणि एवढ्या कोवळ्या वयात त्याने जी तेजस्विता व वैराग्य मिळवले ते मिळवायला मला फार वर्षे लागली. मुलगा बॅरिस्टर होईल, परदेशी जाईल, अशी आशा धरलेल्या बापाने ते पत्र कसे वाचले असेल? चरित्रकार याविषयी फारसे लिहीत नाहीत. मला मात्र ते पत्र वाचणारे नरहरपंत वारंवार दिसतात.

पुढच्याच वर्षी विनोबांनी आश्रमातून एक वर्षाची रजा घेतली आणि ते वाईला गेले. तेथे प्राज्ञ पाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी उपनिषदे, ब्रह्मसूत्रे व शांकरभाष्य यांचा अभ्यास केला. शाळेतली फ्रेंच सोडून संस्कृत घ्यायची तर कोणतीही परवानगी लागली नाही, अर्ज भरावा लागला नाही, वर्षही वाया गेले नाही. गावातल्या मुलांसाठी ग्रंथसंग्रह करायचा म्हणून त्यांनी इतर विद्यार्थ्यांसह लोकांचे धान्य दळून दिले. दर होता दोन शेरांना एक पैसा. पैसा पैसा साठवून पुस्तके घेतली गेली. ठरलेले वर्ष पुरे होताच ते आश्रमात हजर झाले. वायदा एका दिवसाने चुकला नाही.

२४ ऑक्टोबर १९१८ रोजी इन्फ्लुएन्झाच्या साथीत आई गेली. त्या साथीने हिंदुस्थानात लाखो माणसे नेली. आईने पूर्वी एकदा संस्कृत गीतेवरचे प्रवचन ऐकले होते आणि ते समजत नाही म्हणून मराठी गीता मागितली होती. मुलाने वामन पंडितांचे भाषांतर आणून दिले. तेही तिला जड गेले. मग तूच का करीत नाहीस असे ती सहज बोलून गेली होती. तिच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९३० रोजी विनोबा ते काम करायला बसले आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी गीताई पूर्ण झाली. वर्ध्याला गोपुरीत उघड्या आकाशाखाली उभ्या केलेल्या शिळांवर ती कोरलेली आहे. आमच्या सहलीतली मुले त्या शिळांमधून लपंडाव खेळतात. अल्पशिक्षित आईच्या मागणीतून आणि शाळेत न घेतलेल्या विषयातून ते पुस्तक निघाले हे त्यांना सांगितले, की क्षणभर खेळ थांबतो.

मग वडिलांच्या विषयाचे काय झाले? तो वाया गेला असे वरवर दिसते. विनोबा युरोपला कधी गेले नाहीत, रंगांचा कारखानाही त्यांनी काढला नाही. १९२१ साली ते वर्ध्याला आले ते आश्रम चालवण्यासाठी. पण जवळच्या नालवाडीला त्यांनी जे केले ते पाहिले, की नरहरपंतांचा मुलगा ओळखू येतो. सूत कातून माणसाचे पोट भरते काय, या प्रश्नावर देशभर व्याख्याने होत होती. विनोबांनी व्याख्यान दिले नाही, प्रयोग मांडला. रोज आठ-आठ तास कातायचे, तार मोजायचे, वेळ टिपायचा, आणि प्रचलित दराने जी मजुरी होईल तेवढ्यावरच जगायचे. दिवसाकाठी अवघे दोन-सव्वादोन आणे पदरात पडत. दर अन्यायाचा आहे हे अशा रीतीने आकड्यांनी सिद्ध झाले. कातणाऱ्यांची मजुरी वाढवण्याचे धोरण चरखा संघाने १९३५ मध्ये घेतले, त्यामागे या प्रयोगाचाही वाटा होता. टकळी आणि चरखा यांवर त्यांनी मूलोद्योग कताई नावाचे पुस्तकही लिहिले. तुकडा आधी रंगवून पाहणाऱ्या बापाची ती पद्धत होती. फक्त तुकड्याच्या जागी स्वतःचा देह होता.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तीतून निघालेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे भारताचे राष्ट्रपती झाले. ख्वाजा गुलाम सय्यदैन यांच्यासारखे शिक्षणतज्ज्ञ तिच्यात होते, आणि विनोबाही होते. जामियाच्या प्राचार्यांनी आणि नालवाडीच्या कातणाऱ्याने एका टेबलाशी बसून मुलांचा अभ्यासक्रम आखला, ही आपल्या जिल्ह्यातली घटना आहे आणि आपल्या मुलांना ती क्वचितच सांगितली जाते. त्या आराखड्यात सामान्य विज्ञान हा एकच विषय ठेवला होता आणि त्यात झाडे, प्राणी, शरीर, आरोग्य, रसायन, आकाशातले तारे असे सारे येत होते. साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटे हस्तोद्योगाला. त्या योजनेतले सगळेच पुढे टिकले नाही. हातांना इतका वेळ द्यायला ना पालक तयार होते ना सरकार. पण भौतिक कोणते आणि रसायन कोणते असा प्रश्न त्या वर्गातल्या मुलाला पडला नसता. कापूस पिंजताना, सूत ओढताना, कापड धुताना आणि रंगवताना त्याला दोन्ही भेटले असते.

७ मार्च १९३८ रोजी विनोबा पवनारला आले ते प्रकृती पार ढासळल्यामुळे. वजन ८८ पौंडांवर आले होते. जमनालाल बजाज यांचे नदीकाठी घर होते, तेथे त्यांनी मुक्काम केला आणि खणण्याच्या व्यायामाने शरीर पुन्हा कमावले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून त्यांनी याच पवनारात भाषण केले आणि तुरुंगात गेले.

चाळिशी उलटल्यावर, बहुतेक माणसे नवे शिकायचे सोडून देतात त्या वयात, विनोबांनी अरबी भाषेचा अभ्यास आरंभला. भाषांतरे त्यांनी वाचली होती. पण कुरआन शरीफ मुळातून वाचायचे तर अक्षरापासून सुरुवात केली पाहिजे हे त्यांनी जाणले आणि शाळकरी मुलासारखे उच्चार घोटले. या अभ्यासातून निवडलेल्या आयतींचा संग्रह पुढे १९६२ साली प्रसिद्ध झाला. तो बाहेर येण्यापूर्वीच काही वर्तमानपत्रांनी, विशेषतः पाकिस्तानातल्या, एका परधर्मीयाने अशी निवड करावी याला हरकत घेतली होती. पुस्तक हाती आल्यावर पुष्कळांचा आक्षेप मावळला. पवित्र ग्रंथातून निवड करावी की नाही यावर मतभेद असू शकतात आणि ते मांडणारी माणसे मी माझ्या घरातही पाहिली आहेत. मला येथे एवढेच सांगायचे आहे, की वडिलांच्या फ्रेंच आणि आईच्या संस्कृत यांच्यापैकी कशातच नसलेला हा विषय त्यांनी स्वतः निवडला होता. फाळणीनंतर मेवातमधल्या उखडल्या गेलेल्या मेव मुसलमानांना पुन्हा वसवण्याच्या कामात ते १९४८ मध्ये उतरले, तेव्हा हा अभ्यास त्यांच्या गाठीशी होता.

भाषांचा हा छंद तुरुंगातही चालू राहिला. १९४२ च्या आंदोलनात त्यांना वेल्लोरच्या कारागृहात ठेवले होते. तेथे त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषा एकदम शिकायला घेतल्या. एक संपवून दुसरी धरावी असा शहाणा सल्ला कोणीही दिला असता. त्यांचा अनुभव उलट होता. चारी शेजारी ठेवल्या की एकीचा शब्द दुसरीला उजेड दाखवतो. भौतिक आणि रसायन यांच्या बाबतीतही हे खरे आहे असे आमच्या शाळेतले विज्ञानाचे शिक्षक म्हणतात. अणूची रचना भौतिकाच्या पुस्तकात वाचलेला मुलगा रसायनातली संयुजा पाठ करीत बसत नाही. मी नापास झालो तेव्हा मला हे कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते तरी मी ऐकले असते असे नाही.

भूदानाची हकीकत सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात आटपतो. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीत पहिले शंभर एकरांचे दान मिळाले. त्यानंतर तेरा वर्षे हा माणूस पायी देशभर फिरला. चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रे जमली. पैकी बरीच जमीन नापीक निघाली किंवा वाटपावाचून राहिली, हेही खरे. वाटेत सोबत चालणाऱ्या परदेशी पाहुण्यांकडून त्यांनी जर्मन व जपानीचेही धडे घेतले. १९५९ साली पवनारला त्यांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. विज्ञानाची भीती त्यांना कधी वाटली नाही. राजकारण आणि पंथ यांचे दिवस सरले, आता विज्ञान आणि अध्यात्म एकत्र आले पाहिजेत, असे ते गावोगाव सांगत. चिंध्या रंगवणारा बाप आणि दाणे मोजणारी आई यांचा मुलगा दुसरे काय सांगणार? उत्तरायुष्यातील त्यांच्या काही राजकीय भूमिकांवर पुष्कळ टीका झाली. तो या लेखाचा विषय नव्हे. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी अन्न, पाणी आणि औषध सोडून त्यांनी पवनारलाच देह ठेवला. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

गेल्या सहलीत नववीच्या एका मुलीने नदीकाठी मला विचारले, की सर, त्यांच्या वडिलांचे पुढे काय झाले? इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तिच्या घरी काय चालले होते हे मला ठाऊक होते. मोठ्या भावाला अभियांत्रिकीला घातले होते, तो मधेच सोडून आला होता आणि बाप-लेकांत बोलणे नव्हते.

मी तिला सांगितले ते असे. नरहरपंतांच्या मुलांची गोष्ट अशी. विनोबांच्या मागोमाग बाळकोबा आणि शिवाजी हे दोघेही घर सोडून सेवेच्या मार्गाला लागले. तिघांपैकी एकानेही लग्न केले नाही, एकही परदेशी गेला नाही. पत्नी साथीत गेली. बडोद्यातल्या घरात हा प्रयोगशील माणूस एकटा उरला. त्याने मुलांना शाप दिला नाही की हाय खाऊन अंथरूण धरले नाही. उतारवयात त्याने एक नवा विषय घेतला, संगीत. एका मुसलमान उस्तादांकडे तो शागीर्द म्हणून बसला, रोज तासन्‌तास रियाज केला, आणि जुनी विद्या नाहीशी होऊ नये म्हणून मृदंग-तबल्याच्या बोलांची पुस्तके स्वतःच्या पैशाने छापून काढली.

मुलीने सारे ऐकून घेतले. मग तिने विचारले, की तेव्हा त्यांचे वय किती असेल? मी म्हणालो, तुझ्या अब्बांपेक्षा पुष्कळ जास्त. ती थोडी हसली. तेवढ्यात बस लागली आणि आम्ही पुलाकडे चालू लागलो.